ध्रुवावरून उष्णता निघते किती? एमएस्सी प्रोजेक्टच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२५

विषय एकदाचा ठरला. मॅडमनी तीन पर्याय दिले होते, त्यातला हा मी हट्टाने घेतला. नासाचं प्रीफायर मिशन, म्हणजे दोन छोटे क्यूबसॅट, आर्क्टिक आणि अंटार्क्टिकावरून अवकाशात निघून जाणारी उष्णता मोजतात, त्यांचा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो आणि त्यातला एक महिना घेऊन आम्ही दोघींनी काहीतरी शोधायचं. पार्टनरला आधी मान्सूनचं काहीतरी हवं होतं, पण तिला मी घरची गोष्ट सांगितली आणि ती तयार झाली.

घरची गोष्ट म्हणजे, आमचं गाव निफाड तालुक्यात, द्राक्षाची बाग आहे. डिसेंबर-जानेवारीत आण्णा संध्याकाळी अंगणात उभं राहून वर बघतात आणि सांगतात, आज आभाळ मोकळंय, पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागणार. ढग असले की निवांत झोपतात. लहानपणापासून बघतेय, पण आभाळ मोकळं असल्याचा आणि थंडीचा संबंध काय हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला रेडिएशन शिकले तेव्हा लक्षात आलं की जमीन, पानं, घड सगळे रात्रभर वर उष्णता फेकत असतात, ढग असेल तर त्यातली बरीचशी परत मिळते, आभाळ मोकळं असेल तर गेली ती गेली. ध्रुवांवर हेच चालू आहे, फक्त तिथे रात्र काही महिन्यांची असते.

२० नोव्हेंबर २०२५

वाचन. जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवते, रिपोर्टच्या पहिल्या प्रकरणात लागेल.

पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात सूर्याकडून येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त असते. ही शिल्लक वारे आणि समुद्राचे प्रवाह ध्रुवांकडे नेतात आणि तिथून ती अवकाशात जाते. शेतातल्या भाषेत सांगायचं तर निचरा. पाणी देणं जितकं महत्त्वाचं तितकाच निचरा महत्त्वाचा, नाहीतर मुळं कुजतात. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय, म्हणजे निचऱ्याच्या तोंडाशीच काहीतरी बदलतंय, आणि तिथूनच निघणाऱ्या उष्णतेतला मोठा भाग आपण अनेक दशकं नीट मोजलाच नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटेना.

कारण असं. कुठलीही वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारी उष्णतेची किरणं सोडते, वस्तू जितकी थंड तितकी तिची तरंगलांबी मोठी. आपल्याकडच्या जमिनीचा भर १० मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ध्रुवांवरची थंडी इतकी की उष्णतेतला अर्ध्याहून जास्त भाग १५ मायक्रॉनच्या पलीकडे जातो, त्याला फार इन्फ्रारेड म्हणतात (हे ‘फार’ इंग्रजीतलं, म्हणजे दूरचं). आणि अॅक्वा सॅटेलाइटवरचं एअर्स नावाचं यंत्र, जे २००२ पासून वर आहे आणि ज्याच्या डेटावर जगभर एवढं काम झालंय, ते साधारण १५.४ मायक्रॉनला थांबतं. युरोपचं इयासी १५.५ ला. त्याआधी १९७० साली निंबस-४ वरच्या आयरिस यंत्राने २५ मायक्रॉनपर्यंत बघितलं होतं, पण ते थोड्याच काळापुरतं.

मग पार्टनरने विचारलं की सेरेस नावाची यंत्रं तर एकूण बाहेर जाणारी उष्णता मोजतातच की, मग अडलं कुठे? बरोबर आहे तिचं. पण सेरेस म्हणजे भरलेल्या ट्रॅक्टरचा वजनकाटा. एकूण वजन कळतं, त्यात एक्सपोर्टचा माल किती, लोकलचा किती आणि बेदाण्याला जाणारा किती हे काट्यावर कळत नाही. कुठल्या तरंगलांबीत किती उष्णता गेली हे कळलं तरच ती बर्फाने सोडली, वाफेने सोडली की ढगाने हे वेगळं करता येतं.

२१ नोव्हेंबर २०२५

कालचं पुढे. मिशनची माहिती.

दोन्ही सॅटेलाइट न्यूझीलंडमधल्या माहियाहून रॉकेट लॅबच्या इलेक्ट्रॉन रॉकेटने गेले, पहिला २५ मे २०२४ ला आणि दुसरा ५ जून २०२४ ला. प्रमुख शास्त्रज्ञ ट्रिस्टन लेक्वेअर, विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचे. मोजायचं यंत्र नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने बनवलं, सॅटेलाइटचा सांगाडा ब्लू कॅन्यन टेक्नॉलॉजीजने. ६यू क्यूबसॅट, म्हणजे १० सेंटिमीटरचे सहा ठोकळे एकत्र लावल्यावर होईल तेवढा, आमच्याकडे द्राक्षं भरतात त्या पुठ्ठ्याच्या पेटीएवढा. एवढ्या जागेत बॅटरी, रेडिओ, दिशा सांभाळणारी चाकं आणि शिवाय ५ पासून ५० च्या वर मायक्रॉनपर्यंत बघणारा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीतली उष्णता वेगळी मोजणारं यंत्र.

हे जमलं कशामुळे, तर थर्मोपाइल. दोन वेगळे धातू जोडले, त्यांचा एक सांधा तापला आणि दुसरा गार राहिला की बारीकसा व्होल्टेज तयार होतो, असे कितीतरी सांधे एकापुढे एक जोडले की झाला थर्मोपाइल. फार इन्फ्रारेडचे बरेच सेन्सर चालवायला आधी त्यांनाच प्रचंड गार करावं लागतं, आणि गार करायची यंत्रणा जड, महाग, वीज खाणारी, ती पेटीत मावणार नाही. थर्मोपाइलला गार करावं लागत नाही. जेपीएलने आधी मंगळाभोवती आणि चंद्राभोवती फिरणाऱ्या यंत्रांत हेच तंत्र वापरलंय. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांचं तापमान ज्या डिव्हायनर यंत्राने मोजलं त्यातही थर्मोपाइलच होते.

२४ नोव्हेंबर २०२५

अकाउंट उघडलं, फाइली उतरवायला सुरुवात. हॉस्टेलचं वायफाय रात्री दीडनंतर बरं चालतं म्हणून अलार्म लावून उठतेय. ऑगस्ट २०२४ घेतलाय, कारण तेव्हा अंटार्क्टिकात हिवाळा असतो आणि मध्यभागी अजून सूर्य उगवलेला नसतो. दोन चौकोन ठरवले. एक डोम सी, म्हणजे अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर, ३,२०० मीटरहून उंच, फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया स्टेशन आहे तो भाग. दुसरा किनाऱ्यावर, लार्समन हिल्समधलं आपलं भारती स्टेशन, २०१२ पासून चालू आहे. वास्कोला, गोव्यात, आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे आणि भारती त्यांच्याच देखरेखीखाली चालतं, त्यामुळे मॅडम म्हणाल्या की निदान एक जागा आपली असू दे, पुढे हवामानाच्या नोंदींशी ताडून बघता येईल.

२८ नोव्हेंबर २०२५

आज प्लांकचं सूत्र पायथनमध्ये लिहिलं, कुठल्या तापमानाची वस्तू कुठल्या तरंगलांबीत किती उष्णता सोडते ते सांगणारं. डेटात रेडिअन्स असतो, म्हणजे एका दिशेने येणाऱ्या उष्णतेचा जोर, त्यावरून उलटं तापमान काढायचं, ज्याला ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतात. पहिलं उत्तर आलं डोम सी ४२ केल्विन. म्हणजे उणे २३१ अंश. पृथ्वीवर हवेच्या तापमानाची सगळ्यात कमी नोंद अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक स्टेशनची, १९८३ ची, उणे ८९.२ अंश. दीड तास शोधल्यावर सापडलं, फाइलमध्ये रेडिअन्स दर मायक्रॉनमागे दिलाय आणि माझं सूत्र दर मीटरमागे, दहा लाखाचा फरक. गुणल्यावर २१० केल्विनच्या आसपास आलं आणि जीव भांड्यात पडला. सूत्राच्या वर मोठ्या अक्षरात एकक लिहून ठेवलंय.

मग एक हिशोब केला. आदर्श काळ्या वस्तूच्या, म्हणजे तिच्या तापमानाला शक्य तेवढी सगळी उष्णता सोडणाऱ्या वस्तूच्या, उष्णतेतला १५ मायक्रॉनच्या पलीकडचा वाटा किती? ३०० केल्विनला, म्हणजे आपल्याकडच्या गरम रात्रीला, ४४ टक्के. २५० केल्विनला ५७ टक्के. २२० केल्विनला ६६ टक्के. हे आकडे मी स्वतः इंटिग्रेट करून काढले म्हणून मला त्यांचं फार अप्रूप वाटतंय. अर्थात एकूण उष्णता थंडीत कमीच असते, ३०० ला चौरस मीटरमागे ४५९ वॅट आणि २२० ला फक्त १३३. पण त्या १३३ मधले ८८ वॅट अशा भागात जातात जो एअर्सला जवळजवळ दिसतच नाही.

५ डिसेंबर २०२५

मॅडम म्हणाल्या नुसतं स्क्रीनवर बघू नका, हाताने काहीतरी मोजा. थर्मोपाइल तर आपल्या ओळखीचाच आहे, कोविडमध्ये कपाळावर रोखायचे त्या बंदुकीत तोच असतो. ती आधी वापरून बघितली, पण ती अंगाच्या तापमानापुरतीच चालते. मग लॅबमधली वर्कशॉपवाली घेतली, उणे ५० पर्यंत मोजणारी, ८ ते १४ मायक्रॉन.

हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री नऊला. हवा १७ अंश. गच्चीची फरशी १९. पाण्याची टाकी १६. सरळ वर आभाळाकडे धरली, तर उणे २१. हळूहळू खाली क्षितिजाकडे नेत गेले तसतसा आकडा चढत गेला, उणे १४, उणे ६, आणि पार खाली पुण्याच्या दिव्यांच्या वर ४ अंश. कारण तिरकं बघताना हवेचा जाड थर मध्ये येतो आणि त्यातली वाफ स्वतःची उष्णता पाठवते. एवढ्यात एक ढग डोक्यावर आला, त्याच्याकडे धरली तर अधिक ५. एका मिनिटात उणे २१ वरून अधिक ५. आण्णा अंगणातून डोळ्याने जे बघतात ते इथे आकड्यात दिसत होतं.

आता महत्त्वाचं. ही बंदूक ८ ते १४ मायक्रॉनच्या खिडकीतून, म्हणजे हवा ज्या तरंगलांबी फारशा अडवत नाही त्यांतून बघते म्हणून तिला एवढं गार आभाळ दिसतं. हीच बंदूक २० मायक्रॉनवर चालणारी असती तर पुण्यातलं आभाळ तिला जवळजवळ हवेइतकंच उबदार दिसलं असतं, कारण त्या भागात पाण्याची वाफ फार शोषते, म्हणजे आपल्याकडे ती खिडकी बंदच. पण अंटार्क्टिकाच्या पठारावर हवा इतकी कोरडी की १७ पासून पुढची खिडकी किलकिली होते आणि बर्फाची उष्णता तिथून थेट बाहेर पडते. इंग्रजी पेपरांत हिला मळकी खिडकी म्हणतात. काच आहे, पण पुसलेली नाही. वाफ थोडी वाढली तरी ती आणखी मळते. आर्क्टिक तापतंय, तापलं की हवेत वाफ वाढते, म्हणजे ही खिडकी किती मळतेय हे बघणं हाच तर सगळा मुद्दा आहे.

१० डिसेंबर २०२५

पहिला नकाशा काढला आणि त्यावर आडवी लाल रेघ, अंटार्क्टिकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेखांश १८० ओलांडताना उणे १८० होतो आणि प्लॉट करणारं फंक्शन दोन्ही बिंदू सरळ जोडून टाकतं. ध्रुवीय प्रक्षेपण घेतलं, नीट झालं. सॅटेलाइटचा एक फेरा आठ समांतर पट्ट्यांत दिसतो, मध्ये फटी, पेरणी यंत्राच्या फणांसारखा. पट्टे ध्रुवाजवळ एकमेकांवर येतात आणि दूर गेलं की विरळ होतात.

१६ डिसेंबर २०२५

सेमिनार, सबमिशन, व्हायवा. प्रोजेक्टला हात लावला नाही. काही चॅनल (यंत्राचे तरंगलांबीचे वेगवेगळे कप्पे) वापरू नयेत असं डेटाच्या माहितीपत्रात आहे, तेवढे कोडमधून वगळले.

२९ डिसेंबर २०२५, निफाड

सुट्टीला घरी. बंदूक मॅडमची परवानगी काढून सोबत आणलीय.

पहाटे साडेचारला आण्णांनी उठवलं. रात्रभर वारा नव्हता आणि आभाळ धुतल्यासारखं. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ७ अंश. बागेच्या कडेला आण्णा आणि आमचे काका पालापाचोळा, जुन्या काड्या आणि थोडं ओलं गवत घालून शेकोट्या पेटवत होते, बोअरचं पाणी ठिबकने सोडलेलं, कारण जमिनीतून आलेलं पाणी हवेपेक्षा गरम असतं. मी बंदूक आधी आभाळावर धरली, उणे ३३. पुण्यापेक्षा खूप खाली, कारण इथे हवा जास्त कोरडी होती. मग मांडवाच्या सगळ्यात वरच्या पानावर, ४ अंश. हवा ७ आणि पान ४! पान हवेपेक्षा गार, कारण ते थेट आभाळाला तोंड देऊन उभंय. त्याच वेलीवर खाली, पानांच्या आडोशाला लटकलेला घड ६. बांधावरच्या आंब्याखालची माती ९, आणि आंब्याच्या बाहेर दहा पावलांवरची माती ६.

आण्णांना दाखवलं. त्यांनी बंदूक हातात घेऊन बराच वेळ एकेक पान मोजलं, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून घडावरचं पान काढायचं नसतं थंडीत, माझा बाप सांगायचा." मण्यांना तडे गेले की व्यापारी भाव पाडतो, आणि तडे जातात ते अशाच पहाटे. मागच्या सीझनला आमचा एक प्लॉट असाच गेला होता, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

धूर पानांवरून सरकत होता तेव्हा मी धुरातून वर बंदूक धरली. फरक अगदी थोडा, एखाद अंश. म्हणजे धुराची चादर फार काही अडवत नाही, शेकोटीची खरी मदत गरम हवा हलवण्यात असावी. हे मी आण्णांना लगेच सांगितलं नाही. आधी दोन-तीन पहाटे अजून मोजते, मगच बोलेन, कारण ते काड्या जमवायला आठवडा घालवतात.

६ जानेवारी २०२६

पुण्यात परत. आज काहीतरी फार चुकलंय.

ढगाळ आणि निरभ्र असे पिक्सेल वेगळे केले, मिशनचीच ढगांची फाइल वापरून. माझी अपेक्षा अशी की वरून बघताना ढग गार दिसणार. टीव्हीवर हवामानाच्या सॅटेलाइट चित्रात नेहमी तसंच असतं, ढगाचा माथा उंच म्हणून गार, जमीन गरम. पण डोम सीच्या चौकोनात ढगाळ पिक्सेलची सरासरी निरभ्रपेक्षा जास्त गरम येतेय. भारतीच्या चौकोनात तर कधी असं, कधी तसं. पार्टनर म्हणते चिन्ह उलटं झालंय. मी म्हणतेय ढगांच्या फाइलमधला शून्य आणि एक आपण उलटा वाचला.

७ जानेवारी २०२६

शून्य-एक बरोबर वाचलाय. चिन्हही बरोबर. रिकाम्या पिक्सेलमध्ये भरलेला मोठा उणे आकडा सरासरीत घुसलाय का ते बघितलं, नाही. एक दिवस सोडून दुसरा घेतला, तेच. पार्टनरने कोड पहिल्यापासून स्वतः वेगळा लिहिला, माझा न बघता, तरी तेच. रात्री अडीच वाजले.

८ जानेवारी २०२६

मॅडमकडे गेलो. त्यांनी प्लॉट बघितला आणि हसून म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही अजून निफाडचं आभाळ डोक्यात धरून बसलाय."

मग त्यांनी कागदावर रेघ काढून समजावलं. अंटार्क्टिकाच्या पठारावर हिवाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग उष्णता सोडून सोडून इतका गार होतो की त्याच्या वरची हवा त्याच्याहून गरम राहते. काही शे मीटर वर गेलात की तापमान २० अंशांहूनही जास्त वाढलेलं असू शकतं. आपल्याकडे वर जाल तसं गार, तिथे वर जाल तसं आधी गरम. याला इन्व्हर्जन म्हणतात हे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, पण डोळ्यांसमोर आलं तेव्हा ओळखलं नाही. तर ढग त्या गरम थरात असतो, म्हणून वरून बघताना तो खालच्या बर्फापेक्षा गरम दिसतो. आणि म्हणूनच साध्या इन्फ्रारेड चित्रात ध्रुवीय रात्रीतले ढग ओळखणं एवढं अवघड, कारण गार म्हणजे ढग हा नेहमीचा नियम तिथे चालत नाही.

मॅडमनी निंबस-४ च्या काळातली एक प्रसिद्ध आकृती दाखवली, सहारा आणि अंटार्क्टिका शेजारी शेजारी. सहाऱ्यावर १५ मायक्रॉनपाशी कार्बन डायऑक्साइडचा खोल खड्डा, कारण खाली वाळू तापलेली आणि वरची हवा गार. अंटार्क्टिकावर त्याच जागी खड्ड्याऐवजी उंचवटा, कारण खालचा बर्फ हवेपेक्षाही गार. माझ्या जन्माच्या तीस-एक वर्षं आधी मोजलेली रेघ, आणि आमच्या दोन रात्रींचं उत्तर त्यात होतं.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसून चहा प्यायलो आणि काहीच बोललो नाही. मला इतका आनंद झाला होता.

१४ जानेवारी २०२६

घरून तिळगूळ आला. सोबत चिठ्ठी, आण्णांनी बहिणीकडून लिहून घेतलेली, चार पहाटेचे आकडे, आभाळ, वरचं पान, घड. (वर्कशॉपवाली एक बंदूक त्यांनी नाशिकहून स्वतः विकत आणलीय, हे मला माहीतच नव्हतं.)

२० जानेवारी २०२६

आता बर्फ आणि पाणी. इथे प्रीफायरचा दुसरा मोठा प्रश्न आहे.

सगळ्या वस्तू एकाच तापमानाला सारखी उष्णता सोडत नाहीत, प्रत्येकीची सोडायची ताकद वेगळी असते आणि ती तरंगलांबीप्रमाणे बदलते. ८ ते १४ मध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही जवळजवळ पूर्ण काळ्या वस्तूसारखे वागतात म्हणून लोकांनी बरीच वर्षं फार इन्फ्रारेडमध्येही तसंच धरलं. पण गणितं सांगतात की तिथे मोकळं पाणी बर्फापेक्षा कमी उष्णता सोडतं. म्हणजे समुद्रावरचा बर्फ वितळून पाणी उघडं पडलं की एकीकडे ते जास्त ऊन शोषणार हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरीकडे फार इन्फ्रारेडमधून जाणारी उष्णताही ते थोडी रोखून धरणार. हवामानाच्या मॉडेलमध्ये हा आकडा कुठला घालायचा हे मोजमापाशिवाय अंदाजानेच ठरवावं लागतं. प्रीफायर तो आकडा प्रत्यक्ष मोजून देणार.

आमच्या प्रोजेक्टमध्ये एवढं झेपणार नाही, डोम सीला पाणी नाहीच आणि भारतीसमोरचा समुद्र ऑगस्टमध्ये गोठलेला. रिपोर्टमध्ये एक परिच्छेद लिहीन. ज्याला पुढच्या वर्षी प्रोजेक्ट घ्यायचा असेल त्याने आर्क्टिकचा सप्टेंबर घ्यावा, तेव्हा तिथला बर्फ वर्षात सगळ्यात कमी असतो आणि बर्फ, पाणी दोन्ही शेजारी शेजारी मिळतात.

२७ जानेवारी २०२६

सॅटेलाइट दोन का? आज हे डेटात बघितलं. एकच असता तर एका जागेवरून जाऊन परत येईपर्यंत खाली काय झालं ते कळलं नसतं. दोघांच्या कक्षा वेगळ्या, त्यामुळे ध्रुवांजवळ दोघं एकाच जागेवरून काही तासांच्या फरकाने जातात. डोम सीच्या चौकोनात अशा जोड्या शोधायचा कोड लिहिला. एका जोडीत पहिला गेला तेव्हा निरभ्र, दुसरा गेला तेव्हा ढग, आणि ११ मायक्रॉनच्या आसपासचा चॅनल आणि २० च्या आसपासचा, दोन्ही वर सरकलेले, पण सारखे नाही. ढगातले बर्फाचे कण केवढे आहेत त्यावर हा फरक ठरतो असं वाचलंय. एका जोडीवरून काही म्हणता येत नाही, अजून जोड्या जमवायच्या.

कोड रात्रभर चालणार. लॅपटॉप तापतोय म्हणून त्याच्याखाली स्टीलची थाळी ठेवलीय.

५ फेब्रुवारी २०२६

पहिलं प्रेझेंटेशन झालं. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, एवढ्या छोट्या यंत्राच्या अचूकतेवर विश्वास कसा ठेवता? चांगला प्रश्न. मी सांगितलं की यंत्रातला आरसा थोड्या थोड्या वेळाने एकदा रिकाम्या अवकाशाकडे वळतो आणि एकदा आत बसवलेल्या, तापमान माहीत असलेल्या काळ्या पट्टीकडे. एक अगदी थंड खूण, एक उबदार खूण, दोन्हींच्या मध्ये बर्फाचं मोजमाप बसवायचं. तराजूत माप ठेवून ताडून बघतात तसं. शिवाय एअर्स जिथपर्यंत बघतं तिथपर्यंत दोघांची तुलना करता येते. सरांनी मान डोलावली, पण मोजमापात किती चूक असू शकते ते रिपोर्टमध्ये प्रत्येक आलेखावर दाखवा म्हणाले. बरोबर आहे. उद्यापासून तेच.

८ फेब्रुवारी २०२६

संध्याकाळी आण्णांचा फोन. माल काढायला अजून दोन-तीन आठवडे, गोडी बरी भरलीय, वरच्या प्लॉटला थोडे तडे आहेत पण चालतील. धुराचं मी त्यांना सांगितलं, आमच्या दोघांच्या सगळ्या पहाटेचे आकडे घेऊन, की वर जाणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही, पाणी आणि पानांचा आडोसा जास्त कामाचा दिसतोय. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले पुढच्या वर्षी अर्ध्या बागेत पेटवू आणि अर्ध्यात नुसतं पाणी सोडू, मग बघू.

मग त्यांनी विचारलं, "मला एक सांग ताई, तुझ्या त्या बर्फाच्या मुलखात ढग आले की थंडी कमी होते का वाढते?"

मी म्हटलं खाली बर्फावर उभं राहिलात तर आपल्यासारखंच, ढग आले की थंडी कमी होते. पण वर सॅटेलाइटमधून बघितलं तर ढग असताना तिथून बाहेर जाणारी उष्णता कधीकधी वाढलेली दिसते, कारण ढग बर्फाहून गरम. खालची थंडी कमी आणि वरून होणारा निचरा जास्त, दोन्ही एकाच वेळी.

"म्हणजे खालून बघून वरचं सांगता येत नाही," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर टेबलमध्ये एक रकाना वाढवला. प्रत्येक जोडीसाठी आता निरभ्र आणि ढगाळ यांच्यातला एकूण उष्णतेचा फरक, आणि त्यातला १५ मायक्रॉनच्या पलीकडचा किती ते वेगळं. आतापर्यंत नऊ जोड्या भरल्यात. ऑगस्टचे शेवटचे अकरा दिवस उतरवायचे राहिलेत, अलार्म दीडचा लावलाय.